गुडघ्याची वेदना आणि नस बधिर करणारे इंजेक्शन

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मुरुड येथे आयोजित ज्येष्ठ सदस्यांच्या मेळाव्यातील भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. परंतु दुकानाच्या गादीवर चाळीस वर्षे मांडी घालून बसलेल्या माणसाला गुडघ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ४८ मिनिटांचे सामायिक खुर्चीवर बसून करणारे, कुंथलगिरीला जाऊन पायथ्याशीच हात जोडणारे आपल्यात अनेक जण आहेत. काही माता-भगिनींनी तर मंदिरात येणेच सोडले आहे. म्हणून आज हा विषय निवडला.

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर २००० साली आणि उजव्या गुडघ्यावर २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सांधेरोपण हा शब्द घरोघरी पोहोचला. गुडघा पूर्ण झिजला असेल तर तो मार्ग उत्तमच. परंतु वयामुळे वा हृदयविकारामुळे ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही, त्यांनी काय करावे? वर्षानुवर्षे रोज वेदनाशामक गोळी घेणे जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. अशांसाठी एक मधला मार्ग आहे. त्याला जेनिक्युलर नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

गुडघ्यातील वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या काही बारीक नसा सांध्याभोवती असतात. सोनोग्राफी किंवा क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने त्यांतील बहुधा तीन नसांजवळ बधिरतेचे औषध सोडतात, काही वेळा त्यासोबत स्टेरॉइडही देतात. या नसा मुख्यतः संवेदना वाहणाऱ्या असल्याने पायाची शक्ती सहसा जात नाही. सुई सांध्यात नव्हे, सांध्याबाहेर जाते. निव्वळ बधिरतेच्या औषधाचा परिणाम काही तासच टिकतो. परंतु त्या तासांत वेदना निम्म्याहून कमी झाली, तर दुखण्याची वाट हीच, असे डॉक्टरांना कळते. माल घेण्यापूर्वी आपण नमुना पाहतो, तसेच हे आहे.

नमुना पटला तर रेडिओफ्रिक्वेन्सी हा पुढचा टप्पा. त्यात सुईच्या टोकाशी सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअस उष्णता एक-दीड मिनिट देऊन त्या नसा निष्क्रिय करतात. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २०११ साली ३८ वृद्ध रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार मिळालेल्या १७ पैकी १० जणांची वेदना बारा आठवड्यांनंतरही निम्म्याने किंवा अधिक कमी होती. म्हणजे सर्वांना गुण येतो असे नाही. आराम साधारणपणे सहा महिने ते वर्षभर टिकतो. नसा पुन्हा वाढल्या की वेदना परतू शकते.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही कर्जमाफी नव्हे, मुदतवाढ आहे. झीज तशीच राहते, फक्त तिची हाक थांबते. मिळालेली मुदत झोपून घालवली तर हाती काही उरत नाही. त्या महिन्यांत मांडीचे स्नायू बळकट करावेत. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच सेकंद धरावा, सावकाश खाली न्यावा. वजन उतरवावे, एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आमच्या वडीलधाऱ्या वहिनींनी हा उपचार घेतला आणि व्यायाम नेमाने केला. आज त्या काठी घेऊन का होईना, रोज दर्शनाला जातात.

आपल्या आचाराशी निगडित एक बाब आवर्जून सांगतो. सांध्यात वंगण म्हणून दिले जाणारे हायलुरोनिक आम्लाचे इंजेक्शन वेगळे असते. त्याचे काही प्रकार कोंबड्याच्या तुऱ्यापासून, तर काही जिवाणूंच्या साहाय्याने बनवतात. ते घेण्यापूर्वी कशापासून बनले आहे, हे अवश्य विचारावे. नस बधिर करणारे लिग्नोकेन मात्र रासायनिक पद्धतीने तयार होते.

कोणतेही इंजेक्शन नाव न विचारता घेऊ नये. त्यात स्टेरॉइड आहे का, ते विचारावे. मधुमेहींची साखर त्यामुळे काही दिवस वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा पेसमेकर असल्यास आधी सांगावे. नंतर ताप आला, गुडघा गरम होऊन सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेला भूलतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञच निवडावा.

सहनशीलता हा आपल्या समाजाचा गुण आहे. परंतु ज्या दुखण्यावर उपाय आहे, ते घरच्यांपासून लपवून ठेवणे म्हणजे तप नव्हे. तरुणांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आज एवढेच विचारावे, "गुडघा फार दुखतो का?" आणि उत्तर "चालायचंच" असे आले, तर तेथेच न थांबता त्यांना तज्ज्ञाकडे घेऊन जावे.