सज्जातील देशी वनस्पती आणि जीवदया



शहरातील सदनिकेला अंगण नसते. असतो तो चार हातांचा सज्जा. त्यात बहुधा मनी प्लांट, सदाफुली आणि बोगनवेल नांदताना दिसतात. मनी प्लांट पॅसिफिक महासागरातील बेटांवरचा, सदाफुली मादागास्करची, तर बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. पूजेत मानाचे स्थान मिळवलेला झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. या पाहुण्यांचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु येथील बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना त्यांच्या पानांवर जगता येत नाही.

फुलपाखरू मकरंद अनेक फुलांतून घेते, अंडी मात्र ठराविक वनस्पतींवरच घालते. कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता व लिंबू लागते, लेमन पॅन्सीला कोरांटी, तर प्लेन टायगरला रुई. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉन लिंबूवर्गीय वनस्पतींवरच वाढते.

खरी कसोटी येथेच लागते. कढीपत्त्यावर प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी इवलीशी अळी येते, पुढे ती हिरवीगार होते आणि पाहता पाहता फांदी निष्पर्ण करते. गृहिणीचा जीव हळहळतो आणि कीटकनाशकाची फवारणी होते. परंतु पाने खाणारी अळी आणि कौतुकाने पाहिले जाणारे फुलपाखरू हे दोन जीव नव्हेत. निरोगी झाडाला पुन्हा पालवी फुटते. मेलेली अळी परत येत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवणे : एक स्वयंपाकघरासाठी, दुसरी अळ्यांसाठी. अनेक घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते, कढीपत्ताही तोडला जात नाही. अळ्यांची वर्दळ वाढते ती याच पावसाळी महिन्यांत. गृहस्थाचा नियम आणि निसर्गाचा क्रम असे सहज जुळून येतात. ज्या घरांत या काळात माती उकरणे टाळले जाते, त्यांनी ज्येष्ठातच कुंड्या भरून घ्याव्यात.

कढीपत्त्यास बारा इंची कुंडी, तळाशी छिद्र, माती व शेणखत आणि दिवसातून चार-पाच तास ऊन पुरेसे आहे. सोबत जुई, अबोली, कोरांटी लावल्यास पूजेची फुले घरीच मिळतील. रोपवाटिकेतील रोपावर औषध फवारलेले नाही ना, याची चौकशी करावी. फवारलेल्या पानांवर अळी जगत नाही. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून दोनदा ओतून ती कोरडी करावी, म्हणजे डासांची उत्पत्ती होणार नाही आणि पुढे त्यांना मारण्याचा प्रसंगही येणार नाही. कुंड्या कठड्यावर न ठेवता आतच ठेवाव्यात.

जीवदया म्हटले की पांजरपोळ आणि पक्ष्यांचे दाणापाणी आठवते. त्या परंपरेत कढीपत्त्याच्या एका कुंडीलाही स्थान मिळावे. कुरतडलेले पान हे त्या घराच्या निष्काळजीपणाचे नव्हे, अभयदानाचे चिन्ह मानले जावे.

जय जिनेंद्र.