प्रबंध कपाटात कुजवू नका



विद्यापीठं आपल्या यशाची यादी छापतात : इतक्या पीएचड्या, इतकी पदकं. मी विचारतो, त्यातल्या किती संशोधनांनी कुणाची झोप उडवली?

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझरांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात २५ वर्षांच्या भीमरावांनी निबंध वाचला. सांगितलं, जात उभी आहे ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्यावर. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळे त्याच कुंपणाचे काटे. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. विद्यार्थ्याचा निबंध, पण अजून जातवाल्यांच्या घशात अडकलाय!

आज आपली पोरं-पोरी प्रबंध लिहिताहेत. लिहा. पण कपाटात कुजवू नका. वस्तीत नेऊन वाचा. ज्यांच्या जगण्यावर पदवी मिळाली, त्यांना आधी कळू द्या.

जय भीम!