कोदो-कुटकीचे वाण आणि त्यांच्या राखणदारांचा हिशेब

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



३ जानेवारी २०२४ रोजी मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक याच जबलपूर शहरात झाली. तीत 'राणी दुर्गावती श्रीअन्न प्रोत्साहन योजना' मंजूर होऊन कोदो-कुटकी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना किलोमागे १० रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरले. कोदो म्हणजे आपल्याकडील हरीक वा कोद्रा आणि कुटकी म्हणजे वरई. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी व नाचणी आहेत. या दोन धान्यांना तेथे स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे राज्याच्या निर्णयाचे स्वागत झाले ते योग्यच होते. मला त्यापुढचा प्रश्न मांडावयाचा आहे. कोदोला भाव मिळाला म्हणजे कोदोचे वाणही टिकतील काय? पीक टिकणे आणि पिकाचे वाण टिकणे या दोन गोष्टी आपण सहसा एकच धरतो. त्या एक नाहीत.

येथून कुंडम-शहपुरा मार्गे, नर्मदेच्या उगमाच्या दिशेने सुमारे दीडशे किलोमीटर गेले की डिंडोरी लागते. (नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी ती वेगळी.) १९९८ मध्ये मंडला जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. येथील बैगा ही विशेष दुर्बळ आदिवासी समूहांत गणली जाणारी जमात. त्यांची परंपरागत शेती 'बेवर' पद्धतीची. डोंगरउतारावरची झाडी तोडून जाळायची, पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत नाना तऱ्हेचे बी एकत्र फेकायचे आणि काही वर्षांनी ती जागा रानाला परत द्यायची. धरतीमातेच्या छातीवर नांगर चालवू नये, अशी त्यांची श्रद्धा. वनखात्याला ही पद्धत मान्य नव्हती. नागपूरहून कारभार पाहणाऱ्या मध्य प्रांताच्या सरकारने ती बंद करीत आणली आणि १८९० मध्ये बैगांसाठी एक क्षेत्र राखून ठेवले. तेच 'बैगाचक'. तेवढ्या हद्दीबाहेर बैगांनी बेवर करू नये, असा त्याचा अर्थ होता. व्हेरियर एल्विन यांचा 'द बैगा' हा १९३९ चा ग्रंथ या साऱ्या घडामोडींचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

बेवराच्या बाजूने भावनेने बोलण्याचे कारण नाही. लोकसंख्या वाढली व जंगल आटले की ती पद्धत पूर्वीसारखी चालू शकत नाही. परंतु तिच्यातील एक गोष्ट अर्थशास्त्रज्ञाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. एकाच शेतात अनेक धान्ये, आणि एकेका धान्याचेही अनेक वाण. कुटकीचे हळवे वाण पावसाळा सरत नाही तोच हाती येतात आणि घरातले धान्य संपत आलेल्या दिवसांत चूल पेटती ठेवतात. कोदो मागाहून येतो, पण कणगीत वर्षानुवर्षे टिकतो. पाऊस लवकर गेला तर एक वाण वाचतो, लांबला तर दुसरा. ज्याच्यापाशी ना सिंचन ना बँकेचे कर्ज, त्याने बियाण्यांच्या रूपाने काढलेला हा विमाच होय.

या विम्याचा हप्ता शेतकरी भरतो. लाभ मात्र त्याच्यापुरता राहत नाही. दुष्काळ वा रोग सहन करणारे गुण याच वाणांत असतात आणि पैदासकारांना उद्या तेच लागणार असतात. पाठ्यपुस्तकांत 'बाह्य लाभ' हे प्रकरण मधमाश्या आणि सफरचंदाच्या बागेने सुरू होते. आपल्याकडे ते कुटकीने सुरू करावयास हरकत नसावी.

हप्ता एकाने भरावा आणि लाभ सर्वांनी घ्यावा, ही व्यवस्था हप्ता भरणाऱ्याला दुसरा पर्याय नसेल तोवरच चालते. रस्ता आला, शिधावाटपाचा तांदूळ आला, मुलगा मजुरीला शहरात गेला, की घरचे बी राखण्याचा व्याप कमी होतो, आणि त्यात गैर काही नाही. जैवविविधता टिकावी म्हणून कोणी दरिद्री राहावे, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. म्हणूनच मोबदल्याचा विचार करावा लागतो.

सिलपिडीची बियाणे-पेढी

डिंडोरी जिल्ह्यातील सिलपिडी गावच्या लहरीबाई या बैगा तरुणीचे नाव आपण वाचले असेल. गावोगाव फिरून तिने भरडधान्यांचे जुने वाण गोळा केले आणि घरातच त्यांची पेढी उभारली. आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात, म्हणजे २०२३ मध्ये, पंतप्रधानांनी तिच्या कामाचा जाहीर उल्लेख केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत शेतकरी-हक्कांविषयीचा जागतिक परिसंवाद भरला असता राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा वनस्पती-वाण रक्षणासाठी गौरव झाला.

मला तिच्या सन्मानापेक्षा तिच्या पेढीचा नियम अधिक बोलका वाटतो. ती शेतकऱ्याला बी देते आणि सुगीनंतर दिल्यापेक्षा काहीसे अधिक बी परत घेते. आपल्या खेड्यांत सवाई-दिढीने धान्य देणारे सावकार होते. वरवर पाहता हा व्यवहार त्याच जातीचा. फरक असा की, सावकाराकडे गेलेली वाढ गावाच्या हातून जाते, तर येथे ती पेढीच्याच भांडवलात पडून पुढच्या शेतकऱ्याकडे पोहोचते. शिवाय परत आलेले बी त्या वर्षीचे ऊनपाऊस सोसून आलेले असते. दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शीतगृहात बी सुरक्षित राहते, पण ते तेथे हवामानाशी जुळवून घेत नाही. शेतातले, म्हणजे स्वस्थानी, संवर्धन आणि पेढीतले संवर्धन यांतील हा भेद आपण परीक्षेत लिहिता. त्याचे मर्म एवढेच आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भाज्या व भाताच्या गावठी बियाण्यांबाबत हेच केले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या महादेव कोळी समाजाच्या. त्यांच्यामागे 'बाएफ' संस्थेचे साहाय्य आणि परिसरातील शेतकऱ्यांची बियाणे संवर्धन समिती उभी आहे. व्यक्तीचे काम तिच्या पश्चात चालू राहावयाचे तर अशी समितीच लागते.

भाव कोणाला, वाणाला की पिकाला?

आता पुन्हा त्या १० रुपयांकडे येऊ. हे साहाय्य किलोवर आहे, आणि किलो वाण ओळखत नाही. खरेदीकेंद्राला आणि गिरणीला एकसारखा दाणा हवा असतो. भाव वाढला की शेतकरी साहजिकच अधिक उतारा देणारा एखादाच वाण निवडतो. येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने 'जवाहर कोदो' व 'जवाहर कुटकी' या मालिकेतील सुधारित वाण दिले आहेत आणि उत्पन्न वाढावे म्हणून ते शेतकऱ्याला मिळालेच पाहिजेत. पण ते जितके पसरतील, तितके पैदाशीला कच्चा माल पुरविणारे स्थानिक वाण मागे सरतील. पीक वाचले आणि वाण गेले, असे घडू शकते. भातात ते घडून चुकले आहे.

यावर कायद्यांत तरतुदी आहेत. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ ने घरचे बी राखणे, पेरणे, त्याची देवघेव व विक्री करणे (छापील नाममुद्रेखाली विक्री वगळून) हा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आणि राष्ट्रीय जनुक निधी स्थापण्याची तरतूद केली. जैविक विविधता कायदा, २००२ ने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पाठपुरावा केल्यावर २०२० पर्यंत देशात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या. चौदा वर्षे रेंगाळलेले काम इतक्या घाईने उरकले की वही होते, नोंद होतेच असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडात दहा हत्ती दगावले आणि बुरशी धरलेल्या कोदोतील विषद्रव्य त्याचे कारण म्हणून पुढे आले. असा कोदो 'मातवतो', हे जुन्या शेतकऱ्यांना माहीत असते. कोकणात हरकाबद्दलही हीच जाण आहे. नोंदवहीत 'कोदो' असा एक शब्द लिहिला की हे सारे ज्ञान वहीबाहेर राहते.

माझे मत असे की, साहाय्याचा काही भाग किलोवरून काढून बियाण्यावर आणावा. ज्या गावाची पेढी दरवर्षी इतके वाण प्रत्यक्ष पेरून परत घेते, त्या पेढीला जनुक निधीतून वार्षिक अनुदान मिळावे. पैसे व्यक्तीला नव्हे, ग्रामसभेच्या समितीला. पडताळणी अवघड नाही. खरिपात शेतावर जाऊन पीक पाहता येते.

मात्र पेढीला शेत लागते आणि शेताला हक्क. वनाधिकार कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ङ) मध्ये अशा समूहांच्या अधिवासाचा हक्क सांगितला आहे. देशात तो प्रथम मिळाला तो याच डिंडोरीतील बैगाचकच्या सात गावांना, २०१५-१६ च्या सुमारास. २०२३ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधील गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यातील बैगांनाही तो मान्य झाला. १८९० मध्ये हद्द आखून देणारे सरकार होते. या वेळी दाव्याची हद्द गावांनी स्वतः सांगितली. त्या हद्दीत कोणते बी पेरले जाते, याची नोंद ठेवण्याचे काम अद्याप कोणत्याही खात्याकडे सोपविलेले नाही.