ग्रहण पाहायला जाताना
(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमात केलेले भाषण)

दुधाला उकळी येईपर्यंतच बोला, असा सेक्रेटरी साहेबांचा हुकूम आहे. म्हणून एकच गोष्ट सांगतो.

२४ ऑक्टोबर १९९५. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते. आपल्या कारंजातून ते खंडग्रासच दिसणार होते. खग्रासचा पट्टा नीम का थाना, फतेहपूर सिक्री असा डायमंड हार्बरकडे जात होता. मी आणि धाकटा भाऊ निघालो. आई म्हणाली, "ग्रहणात कोनी घराबाहेर जाते का बाप्पा?" त्यातच ऑगस्टमध्ये फिरोजाबादला रेल्वेचा भीषण अपघात झालेला. तिची काळजी खोटी नव्हती. तरी फराळाचा डबा तिनेच बांधून दिला.

एसटीने नागपूर, रेल्वेने आग्रा, पुढे सिक्री. आदल्या दिवशीच पोचलो, म्हणून सकाळी धावपळ झाली नाही. साडेआठच्या सुमारास उजेड विझत गेला, गारवा आला, पाखरे गप्प झाली. सूर्याच्या जागी काळी टिकली आणि भोवती पांढरी प्रभा! तेवढ्या वेळात चष्मा काढून पाहिले तरी चालते. पण ती वेळ मिनिटभरही नव्हती.

घड्याळ माझ्या हातात होते. "चष्मा लाव" म्हणायचे काम माझे. मी पाहतच राहिलो अन् विसरलो. कडेला हिऱ्यासारखा सूर्य चमकला, तरी भाऊ उघड्या डोळ्यांनी बघतच होता. दुखले काहीच नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, हीच तर मेख आहे. परतताना गाडीत तो म्हणाला, "दादा, अक्षरांच्या मधात डाग दिसते." डॉक्टर म्हणाले, यावर खात्रीचे औषध नाही. पुढे डाग फिका झाला, पण पुरता गेला नाही.

म्हणून सांगतो. प्रमाणित ग्रहण-चष्माच वापरा; एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल चालत नाही. चष्म्यावर ओरखडा असेल तर फेकून द्या. वेळ सांगायला एक माणूस नेमा, आणि तो माझ्यासारखा भान हरपणारा नको. ग्रहण लागलेले असताना ड्रायव्हरने गाडी बाजूला घ्यावी. संपल्यावर सगळे एकदम निघतात, तेव्हा तासभर थांबून डबा खा. ऋतूही पाहा : ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ ची ग्रहणे आपल्याकडे भर पावसाळ्यात आली, पुष्कळांच्या वाट्याला ढगच आले.

२० मार्च २०३४ चे खग्रास काश्मीर-लडाख भागातून दिसणार आहे. आपली पोरे तेव्हा जातील. जरूर जाऊ द्या, अडवू नका. फक्त हे सांगून पाठवा.

भावाने मला कधी बोल लावला नाही. पण आजही पेपर वाचताना तो मान थोडी तिरपी करतो, आणि मी दुसरीकडे पाहतो.

दूध उकळले वाटते.