एक माप, अनेक दुकाने



१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. त्यापूर्वी शेर-पायली गावोगाव निराळी. एका बाजारी मोजलेले धान्य दुसऱ्या बाजारी कमीजास्त भरे. पनवेलच्या जुन्या पिढीला हे ठाऊक असेल.

आम्ही जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहितो. आमच्याकडेही हेच घडते. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे पॅकेजेस, आम्ही उसने घेतो. कोणते, कोणत्या आवृत्तीचे, हे प्रत्येक प्रकल्पाच्या यादीत नोंदवतो. दहा प्रकल्प, दहा याद्या. एका ठिकाणी आवृत्ती बदलून दोष जातो, नऊ ठिकाणी तो तसाच राहतो.

म्हणून आवृत्त्यांची यादी सामाईक हवी. पीएनपीएम या साधनाने २०२४ साली 'कॅटलॉग'ची सोय केली. आवृत्ती एकाच ठिकाणी लिहावी. बाकीच्या याद्यांनी तिचा हवाला द्यावा.

पण मापच चुकले, तर सगळीच दुकाने चुकतात! मार्च २०१६ मध्ये 'लेफ्टपॅड' हे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले आणि जगभरचे प्रकल्प अडले. तेव्हा सामाईक यादीला जो हात लावील, त्याने आधी दहाही प्रकल्प चालवून पाहावेत. तेवढी शिस्त नसेल, तर दहा याद्याच बऱ्या, असे आम्ही म्हणू.