गाडी उचलायची कोणी?

आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं नाशिकला सोसायटीत राहतात. तिथलं रोजचं भांडण म्हणजे गाडी लावायचं. फाटकातच कोणी गाडी लावून गेलं आणि बाळंतिणीसाठी बोलावलेली १०८ बाहेर अडकली, तर?

काही जण रागाने चाकाची हवा सोडतात. मग तर गाडी तिथून हलतच नाही!

सोसायट्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात. त्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गाड्या जास्त आणि जागा कमी असेल, तर समितीने दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा द्यायची. पार्किंगचे पैसे किती घ्यायचे ते सर्वसाधारण सभा ठरवते.

रस्त्यावरची गोष्ट वेगळी. मनाई असलेल्या ठिकाणी लावलेली किंवा दहा तास बेवारस सोडलेली गाडी उचलायला गणवेशातला पोलीस सांगू शकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ तसं म्हणतं. उचलण्याचा खर्च गाडीमालकाचा. म्हणून वाट अडली तर हात उगारू नका, ११२ ला फोन करा.

आपल्या गटात उशिरा येणारी दंड निमूट भरते. का? तो सगळ्यांनी मिळून ठरवला, वहीत लिहिला आणि अध्यक्षबाईंनाही तोच लागू आहे. सोसायटीतही नियम असाच टिकतो. तेव्हा लेकी-सुनांना सांगा, घर तुमच्या नावावर असेल तर सभेला स्वतः जा, ‘रुग्णवाहिकेची वाट कायम मोकळी’ हा ठराव मांडा आणि तो वहीत लिहून घ्या.