तुटका पंखा चिकटवू नका

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तुकडीने शाळेला एरोमॉडेलिंगचं साहित्य भेट द्यायचं ठरवलं आणि ‘इंजिनिअर आहेस ना, मग तूच बोल’ म्हणत माइक माझ्या हातात दिला. मी सॉफ्टवेअरवाली. माझ्या कामात काही चुकलं तर पडद्यावर लाल अक्षरं येतात, कुणाचं बोट कापत नाही. तरी या विषयावर मीच बोलायला हवं होतं.

नववीत असताना सर आपल्याला रविवारी सकाळी मैदानावर बोलवायचे, आठवतं? सर कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत होते, तिथे ते हे शिकले. त्यांच्याकडे कोलकात्यात बनलेलं ऑरोराचं छोटं डिझेल इंजिन होतं. नाव डिझेल, पण इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण. तो वास गणवेशातून दोन धुण्यांतही जायचा नाही. दोन तारांना बांधलेलं विमान सरांभोवती गोल फिरायचं आणि आपण कुंपणापाशी उभे राहून ओरडायचो.

त्या वर्षी 26 जानेवारीला पालकांसमोर प्रात्यक्षिक होतं. आदल्या दिवशी सरावात विमान नाकावर उतरलं आणि लाकडी पंख्याचं एक टोक तुटलं. पंखा बदलायचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं होतं. पेटीत दुसरा पंखा नव्हता. तो आणायचा म्हणजे मुंबई, आणि डहाणूला लोकल आली ती 2013 मध्ये. मला सरांना सांगायची भीती वाटली. मी तो तुकडा एरल्डाइटने चिकटवला, पॉलिश पेपरने घासला आणि वरून काळा रंग दिला. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कट्‌कन आवाज आला. तलासरीहून पहिल्या एसटीने येणारा आपला मित्र कडेला उभा होता. तुकडा त्याच्या भुवईवर लागला. चार टाके पडले. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता.

सरांनी सगळ्यांसमोर चूक स्वतःवर घेतली आणि आपला रविवारचा वर्ग बंद झाला. सर, तो पंखा मी चिकटवला होता. हे सांगायला मला तीस वर्षं लागली. मित्राला तेव्हाच माहीत होतं. मी रंग देत असताना त्याने पाहिलं होतं. त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही.

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी हिशोब मांडला. आपला पंखा 8 बाय 4 होता. म्हणजे व्यास 8 इंच आणि एका फेऱ्यात, कागदावर, 4 इंच पुढे सरकणारा. मिनिटाला 10 हजार फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी 380 किलोमीटरच्या आसपास जातो. टोकाजवळचा 1 ग्रॅमचा तुकडा तेव्हा सुमारे 10 किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. माझ्या डिंकाचा तिथे काय पाड!

म्हणून ही पेटी उघडणाऱ्या मुलांसाठी थोडं सांगते. पात्यावर खाच, चीर, पांढरी रेघ दिसली की पंखा बाद. नट नीट बसेल अशा पान्याने सोडवायचा, पक्कडीने नाही. नवा पंखा त्याच मापाचा घ्यायचा आणि बसवण्याआधी तोलून बघायचा. जे पातं खाली जाईल ते किंचित घासायचं. फुगीर बाजू आणि छापलेली अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेला. पंखा हाताने फिरवताना इंजिनाचा दाब लागेल तेव्हा पातं आडव्याहून जरा वर असावं. मग वायसर, नट, आणि घट्ट आवळणं.

इंजिन वाळूत किंवा खडीवर चालू करू नका. डहाणूच्या किनाऱ्यावर तर मोह होणारच, पण पंखा वाळू उडवतो आणि इंजिन ती आत ओढतं. ईथर भडकन पेटतं, तेव्हा बाटली बंद करून लांब ठेवा. ओढणी, सैल बाही, गळ्यातलं ओळखपत्र आत खोचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. एकाने विमान मागून घट्ट धरायचं. फटका बोटाने नाही, रबर चढवलेल्या दांडक्याने मारायचा. इंधन जास्त गेलं आणि पंखा अडला तर जोर लावू नका, आतला दांडा वाकतो. इंजिन चालू झालं की मागे जाऊन सुई फिरवा, पंख्यावरून हात नेऊ नका. बंद करायचं तर मागून इंधनाची नळी दाबा. आणि पंख्याच्या रेषेत, कडेला, कुणीही उभं राहायचं नाही. आपला मित्र नेमका तिथेच उभा होता.

पेटीत बॅटरीवरच्या मोटरीही आहेत. त्या शांत दिसतात म्हणून फसू नका. छोटं इंजिन बोटाला अडून कधी बंद तरी पडतं, मोटर अडली की आणखी जोर लावते. जोडणी तपासताना पंखा काढून ठेवा. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा.

मोठ्या पंख्याच्या विमानाचा वैमानिकही उड्डाणाआधी प्रत्येक पातं तपासतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि 2016 मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं. डहाणू-तलासरीच्या एखाद्या पोरीला तसं काही करावंसं वाटलं, तर सुरुवात याच सवयीपासून होईल.

आपला तो मित्र आज तलासरीकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे आणि रविवारचा वर्ग पुन्हा तोच घेणार आहे. भुवईवरचा व्रण मघाशी जेवताना त्याने हसत दाखवला. त्याच्या सांगण्यावरून पेटीत मी दोन डझन जादा पंखे ठेवलेत. मुलांनो, पंखा तुटला तर लपवू नका. सरांना सांगा, त्यांच्यासमोर त्याचे दोन तुकडे करा म्हणजे तो पुन्हा कुणी बसवणार नाही, आणि पेटीतून नवा घ्या. संपले की मला फोन करा. मी पाठवीन.

सर, तुम्ही पहिला फटका मारावा अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. पंखा नवा आहे. मी दोनदा तपासलाय.